टिकली, चमकी, पुतळी

मराठीत ‘टिकली दे’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला आधी प्रसंग बघावा लागतो. आरशासमोर उभी असलेली बाई मागत असेल तर ती कपाळावर लावायची. दिवाळीत पोर मागत असेल तर ती दगडाने ठेचून नाहीतर पिस्तुलात घालून फोडायची. आणि चष्मा लावून, सुईदोरा घेऊन बसलेल्या आजीने मागितली तर ती बाळाच्या कुंचीवर शिवायची. पूर्वी कुंची घरीच शिवत. खणाचं किंवा रेशमी कापड, कडेला जरीचा काठ, आणि डोक्यावरून पाठीवर उतरणाऱ्या पदरावर अंतराअंतराने एकेक सोनेरी टिकली. सुई कापडाखालून टिकलीच्या भोकातून वर काढायची, तिच्यात एक बारीक मणी घ्यायचा आणि त्याच भोकातून परत खाली जायचं. मणी भोकावर अडकतो, टिकली जागच्या जागी बसते आणि दोरा दिसत नाही.

या तिन्ही वस्तूंचा एकमेकींशी संबंध काय, तर काही नाही. तिघी लहान, गोल आणि चपट्या, एवढंच. मराठीने त्यांचा उपयोग पाहिला नाही, आकार पाहिला. प्राकृतातल्या टिक्क या शब्दाचा अर्थ ठिपका, खूण. त्यातून टिक्का आला, आणि त्याला लाडाचा ‘ली’ जोडून टिकली. लहान वस्तूला लडिवाळ प्रत्यय लावायची मराठीला हौसच आहे.

चेन्नईत मात्र या शब्दाचा उपयोग होत नाही. टी. नगरच्या रंगनाथन स्ट्रीटवर, जिथे माणूस चालत नाही तर गर्दीबरोबर वाहत जातो, तिथल्या हिंदी समजणाऱ्या दुकानदाराकडे ब्लाउजवर लावायची टिकली मागितली तर तो स्टिकर-पोट्टुची पाकिटं पुढे करतो. त्याचं काही चुकत नाही. तमिळमध्ये कपाळावरच्या ठिपक्याला पोट्टु म्हणतात. पोट्टु हा मोठा शब्द आहे. लग्नाच्या ताळीत ओवलेल्या लहानशा गोल सोन्याच्या तुकड्यालाही पोट्टु म्हणतात, आणि देवाला मुलगी वाहण्याच्या जुन्या विधीचं नावही ‘पोट्टु कट्टुदल’, म्हणजे पोट्टु बांधणं, असं होतं. तो विधी १९४७च्या मद्रास कायद्याने बंद झाला. म्हणजे तमिळ ठिपका कपाळावरून गळ्यात उतरला. कापडावर मात्र गेला नाही. कापडावरच्या टिकलीसाठी चेन्नईत दोन शब्द चालतात, चमकी आणि जिगिना. त्यातला चमकी तर हिंदी-उर्दूच्या वाटेने जवळजवळ सगळ्या दक्षिणेत पोचलेला आहे, तेलुगूतही तोच.

चमकी म्हटल्यावर मराठी बाईचा हात नाकाकडे जातो. आपल्याकडे चमकी म्हणजे नाकातला एका खड्याचा दागिना. ती कापडावरही असते, पण दुय्यम अर्थाने. चमक या शब्दाची मला मोठी गंमत वाटते. पाठीत चमक भरते तेव्हा प्रकाशाचा काही संबंध नसतो. हाक ऐकून कोणी चमकून मागे बघतो, त्यातही प्रकाश नाही. संस्कृतात ‘चमत्’ हा दचकल्याचा, नवल वाटल्याचा उद्गार आहे. चमत्कार त्याच्यापासूनच झाला. प्राकृतात त्याचं चमक्क झालं, आणि तिथेही दचकणंच आहे. त्यामुळे मला वाटतं, आधी माणूस चमकला आणि वस्तू नंतर चमकायला लागल्या. डोळ्याला अचानक बसलेला हिसका म्हणजे चमक. दिव्याखाली कोणी वळलं की तिच्या पदरावरची एकच टिकली क्षणभर पेटते आणि लगेच विझते. हा हिसका ‘तेज’ किंवा ‘कांती’ या भारदस्त शब्दांत पकडता येत नाही.

जिगिना हा तमिळ शब्द चमकणाऱ्या कागदालाही लावतात, भुकटीलाही, आणि वरवरच्या दिखाऊ वागण्यालाही. आपल्याकडे हे काम बेगड करते. बेगड म्हणजे रंगीत, चकाकता, पातळ पत्रा. बाशिंगाला, गणपतीच्या मखराला, ताबूताला तो लावतात, आणि त्याच्यावरून बेगडी प्रेम, बेगडी देशभक्ती. बाशिंगावर बेगड नसेल तर बाशिंग शोभत नाही, तरी बेगडी म्हणजे खोटं. तमिळमध्ये याहून बोचरा शब्द आहे: काक्कापोन. काक्का म्हणजे कावळा, पोन म्हणजे सोनं. कावळ्याचं सोनं म्हणजे अभ्रक किंवा चकाकता पत्रा. चकाकतं ते सगळं सोनं नसतं हे सांगायला आपल्याला एक अख्खं वाक्य लागतं. तमिळने ते एका शब्दात आटोपलं आणि वर कावळ्याच्या नावावर घातलं.

आता इंग्रजीकडे वळतो, कारण खरी भानगड तिथे आहे. इंग्रजीत टिकलीला सीक्विन म्हणतात. हा शब्द फ्रेंचमधून आला, फ्रेंचमध्ये तो व्हेनिसहून आला, आणि व्हेनिसमध्ये त्याचं रूप होतं झेक्कीनो. झेक्कीनो ही कपड्यावरची सजावट नव्हे, ते सोन्याचं नाणं होतं. झेक्का म्हणजे टांकसाळ. टांकसाळीतून निघालेलं ते झेक्कीनो. आणि झेक्का आला अरबी सिक्का या शब्दावरून. अरबीत सिक्का म्हणजे मुळात नाणं नव्हे, नाणं पाडायचा ठसा. नांगराच्या फाळालाही सिक्काच म्हणतात, रस्त्यालाही. रेल्वेला अरबीत ‘लोखंडी सिक्का’ म्हणतात ते या शेवटच्या अर्थाने. हाच सिक्का फारसीतून मराठीत आला आणि शिक्का झाला. शिक्कामोर्तब झालं, कपाळावर शिक्का बसला, कचेरीत रबरी शिक्का आला.

थोडक्यात, वधूच्या ब्लाउजवरची सीक्विन आणि तलाठ्याच्या टेबलावरचा शिक्का हे सख्खे चुलत. एकाने अरबस्तानातून व्हेनिस गाठलं, दुसऱ्याने इराणमार्गे दख्खन. मराठीतल्या भावाकडे सगळा अधिकार राहिला आणि इंग्रजीतल्या बहिणीकडे सगळा नखरा.

व्हेनिसचं ते नाणं मोठं विलक्षण होतं. १२८४ साली ते पहिल्यांदा पाडलं. वजन सुमारे साडेतीन ग्रॅम, सोनं जवळजवळ शुद्ध. तेव्हा त्याचं नाव डुकाट. पुढे सोळाव्या शतकात चांदीचेही डुकाट निघाले, तेव्हा सोन्याच्या नाण्याला झेक्कीनो हे नाव पडलं. एका बाजूला व्हेनिसचा अधिपती, ज्याला दोजे म्हणत, संत मार्कसमोर गुडघे टेकून त्याच्याकडून निशाणाची काठी घेतोय. दुसऱ्या बाजूला लंबगोलात ख्रिस्त आणि भोवती तारे. १७९७ साली नेपोलियनने व्हेनिसचं गणराज्य बुडवलं तोपर्यंत, म्हणजे पाचशेहून अधिक वर्षं, या नाण्याने ना चित्र बदललं ना कस सोडला. मसाले, कापड आणि रत्नं यांच्या मोबदल्यात युरोपकडे द्यायला फारसं काही नव्हतं, सोनं-चांदी सोडली तर. म्हणून हे नाणं कैरो, एडन करत तांबड्या समुद्रातून हिंदुस्थानच्या किनाऱ्याला लागायचं आणि सहसा परत जायचं नाही. निकोलो कोंती हा व्हेनिसच्या मुलखातला व्यापारी पंधराव्या शतकात विजयनगर पाहून मैलापूरला, म्हणजे आजच्या चेन्नईतल्या मैलापूरलाच, येऊन गेला. हिंदुस्थानच्या काही भागांत व्हेनिसचे डुकाट चालतात, असं त्याच्या वृत्तांतात आहे.

चालतात, पण कोणत्या नावाने? इथे आपल्या लोकांची नजर दिसते. लॅटिन अक्षरं कोणाला वाचता येत नव्हती, संत मार्क कोणाला ठाऊक नव्हता. मराठी माणसाने नाणं हातात घेतलं, त्यावर उभी-वाकलेली माणसं पाहिली आणि नाव ठेवलं पुतळी. बस्स. व्हेनिसची शंभर नंबरी सीक्विन मराठीत पुतळी म्हणून नांदली. कृष्णाजी अनंत सभासदाने शिवाजीमहाराजांच्या खजिन्याची जी यादी दिली आहे तिच्यात मोहरा आहेत, अच्युतराई, देवराई, रामचंद्रराई असे राजांच्या नावांचे होन आहेत, आणि पुतळ्याही आहेत. ही बखर त्याने लिहिली ती रायगडावर नव्हे, जिंजीला, राजाराम महाराज तिथे असताना, १६९०च्या दशकात. जिंजी चेन्नईपासून दीडशे-एक किलोमीटरवर. मराठी गद्याचा एक पायाचा दगड तमिळ मुलखात घडला आणि त्यात व्हेनिसच्या नाण्याचं मराठी नाव नोंदलं गेलं, ही गोष्ट आपण शाळेत शिकतो त्या इतिहासात सहसा येत नाही.

तमिळनाडूच्या दक्षिण टोकाला त्याच नाण्याला वेगळं नाव पडलं: शाणार कासु. कासु म्हणजे नाणं. (इंग्रजांच्या मद्रासी हिशेबात तांब्याच्या नाण्याला ‘कॅश’ म्हणत ते याच कासुवरून, ८० कॅशचा एक फणम आणि ४२ फणमांचा एक होन. पेटीतल्या रोख रकमेचा कॅश निराळा, तो इटालियन पेटीवरून आला.) शाणार हे ताडी काढणाऱ्या समाजाचं तेव्हाचं नाव, त्या समाजाला ते अपमानास्पद वाटे, आणि १९२१ सालापासून सरकारी कागदांतही नाडार हे नाव आलं. पण नाण्याला हे नाव का पडावं? काठी हातात धरलेला, गुडघ्यात वाकलेला तो दोजे तिथल्या लोकांना ताडावर चढणारा माणूस दिसला! काठी म्हणजे ताडाचं खोड. मद्रासच्या सरकारी संग्रहालयाचा अधीक्षक एडगर थर्स्टन याने ही समजूत नोंदवून ठेवली आहे. एग्मोरला हे संग्रहालय अजून आहे आणि नाण्यांचा संग्रह ही त्याची मिरासदारीच.

व्हेनिसच्या अधिपतीची मराठी मुलखात पुतळी झाली आणि तिरुनेलवेलीकडे तो ताडी काढणारा झाला. दोन्ही ठिकाणी त्याच्या राज्याची, धर्माची, पराक्रमाची कोणाला पर्वा नव्हती. सोनं खरं आहे ना, मग चित्र आपल्या ओळखीचं करून घेऊ.

हे नाणं इंग्रजांच्याही तोंडी होतं. ‘हॉब्सन-जॉब्सन’ या १८८६च्या प्रसिद्ध कोशात ‘चिक’ असा एक शब्द आहे: चार रुपयांची रक्कम. एका चिकची पैज लावतो, असं जुने अंमलदार म्हणत. चिक हे चिकीनचं लघुरूप आणि चिकीन म्हणजे आपलं झेक्कीनो. या कोशाचे कर्ते दोघे, हेन्री यूल आणि आर्थर बर्नेल. बर्नेल तंजावरला न्यायाधीश होता. मराठी राजांनी जोपासलेल्या तिथल्या सरस्वती महालातल्या संस्कृत हस्तलिखितांची सूची त्याने केली, आणि कोश छापून व्हायच्या आधीच, १८८२ साली, तो वारला. तंजावरच्या उकाड्यात बसून व्हेनिसच्या नाण्याचा माग काढणारा हा माणूस मला फार जवळचा वाटतो.

मग नाण्याची टिकली झाली कशी? मध्ये काही गूढ नाही. तुर्कस्तान, लेव्हांत, बाल्कन या भागांतल्या बायका नाण्यांना भोक पाडून ती टोपीवर, ओढणीवर, चोळीवर शिवत. बँक नसलेल्या मुलखात अंगावर शिवलेलं सोनं हीच ठेव. मराठवाड्यात, विदर्भात तांड्यावरच्या बंजारा बाईच्या कपड्यांवर जुनी नाणी आणि आरसे शेजारी शेजारी शिवलेले ज्याने पाहिले आहेत त्याला वेगळं सांगायला नको. नाणी महागली, त्यांच्या जागी नाण्यासारख्या चकत्या आल्या, चकत्या लहान झाल्या, नाव मात्र तेच राहिलं. इंग्रजीत सीक्विन हा शब्द नाण्यासाठी सतराव्या शतकापासून दिसतो, कपड्यावरच्या चकतीसाठी एकोणिसाव्याच्या उत्तरार्धात. अर्थात कापडावर चकत्या शिवायची कल्पना त्याहून कितीतरी जुनी. १९२२ साली तुतनखामनची कबर उघडली तेव्हा त्याच्या वस्त्रांवर सोन्याच्या चकत्या शिवलेल्या सापडल्या. त्यांना कोणत्या शब्दाने ओळखत कोण जाणे.

युरोपातल्या इतर भाषांनी मात्र नाण्याचा हा उद्योग केला नाही. फ्रेंच टिकलीला पैएत म्हणतात, त्याच्या मुळाशी पैय म्हणजे वाळलेली काडी. नदीच्या वाळूत सापडणाऱ्या सोन्याच्या कणालाही तेच नाव. स्पॅनिशमध्ये लेंतेखुएला, म्हणजे बारीक मसूर. पोर्तुगीजमध्येही मसूरच. आणि ज्या इटलीने झेक्कीनो हा शब्द जगाला दिला तिथे टिकलीला झेक्कीनो म्हणत नाहीत. पैएत तरी म्हणतात नाहीतर लुस्त्रीनो, म्हणजे चकाकी. झेक्कीनो तिथे उरला आहे तो ‘ओरो झेक्कीनो’ या शब्दप्रयोगात. त्याचा अर्थ बावनकशी सोनं. एकच शब्द इटलीत अस्सलपणाची खूण आणि इंग्रजीत प्लास्टिकच्या झगमगाटाचं नाव, असा दोन टोकांना जाऊन बसला आहे.

मराठीने आणखी तिसरंच केलं. नाणं गेलं, पण पुतळी राहिली. पुतळ्यांची माळ हा दागिना आजही लग्नात घालतात: रेशमी गोफात ओवलेल्या गोल सोन्याच्या चकत्या, प्रत्येकीला वर डाख लावून बसवलेलं नाकं. पूर्वी त्यात खरी नाणी किंवा त्यांच्या देशी नकला असत. आता पातळ पत्र्यावर ठसा मारून लक्ष्मी उठवतात. दोजे, मार्क, ख्रिस्त सगळे विसर्जित झाले. तरी गंमत बघा, अरबीत सिक्का म्हणजे ठसा, आणि आमची सोनारीण सांगते, ‘ही ठशाची पुतळी’. चेन्नईतली कासुमालै या माळेची तमिळ बहीण; कासुची माळ, नावातच नाणं. तिच्यावरही लक्ष्मी असते. एखाद्या तमिळ सासरी गेलेल्या मराठी मुलीच्या गळ्यात या दोन माळा एकत्र आल्या तर वेगळ्या ओळखायला जरा वेळ लागतो. कासुमालेतल्या चकत्या एकमेकींवर चढून माशाच्या खवल्यांसारख्या दाट बसतात, पुतळ्या मोकळ्या लोंबतात.

सितारा या शब्दाला मी आत्तापर्यंत बाजूला ठेवलं. फारसी सितारा म्हणजे तारा. संस्कृत तारा, इंग्रजी स्टार, फारसी सितारा ही एकाच घरातली मंडळी. जरदोजीत सलमा-सितारा अशी जोडी असते, सलमा म्हणजे पिळाची तार आणि सितारा म्हणजे टिकली. (सतार या वाद्याचा याच्याशी संबंध नाही, ते सेह-तार, तीन तारांचं.) मद्रासला ताऱ्याचं नाणंही होतं. ईस्ट इंडिया कंपनी सेंट जॉर्ज किल्ल्यात जो होन पाडत असे त्याच्या एका बाजूला विष्णू आणि दुसऱ्या बाजूला तारा, म्हणून त्याचं नाव स्टार पॅगोडा. १८१८ साली मद्रास इलाख्यात रुपया हे प्रमाण नाणं ठरलं आणि हा ताऱ्याचा होन संपला.

नाणी पाडायची जागा पुढे किल्ल्याबाहेर गेली, आणि जिथे गेली त्या रस्त्याला मिंट स्ट्रीट हे नाव मिळालं. हा रस्ता चेन्नईच्या सौकारपेठेतून जातो. सौकार म्हणजे आपला सावकारच. रस्त्याचं त्याआधीचं नाव वॉशर्स स्ट्रीट, कारण कंपनीचं निर्यातीचं कापड धुणारे, उजळणारे तिथे राहत. म्हणजे आधी कापड, मग नाणी. टांकसाळ १८६९ साली बंद झाली आणि तिच्या इमारतीत सरकारी छापखाना आला. व्हेनिसच्या झेक्काचंही असंच झालं. सान्सोविनोने बांधलेल्या त्या भक्कम इमारतीत आता मार्चियाना ग्रंथालयाची पुस्तकं आहेत. आणि मिंट स्ट्रीटच्या आसपास पुन्हा कापड आलं. साड्या, लेस, बटणं, जर, आणि पारदर्शक पिशव्यांतून वजनावर विकल्या जाणाऱ्या टिकल्या. टांकसाळीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रस्त्यावर, मुळात टांकसाळ हाच अर्थ असलेल्या नावाची वस्तू किलोने मिळते. हे जुळवून आणायचं म्हटलं असतं तर कादंबरीकारालाही कोणी सोडलं नसतं.

तमिळमध्ये या रस्त्याचं नाव तंगसालै. कोणत्याही तमिळ माणसाला विचारा, तो सांगेल, तंगम म्हणजे सोनं, सालै म्हणजे शाळा, कोठी, सोन्याची कोठी. ऐकायला चोख आहे. पण मूळ शब्द संस्कृत टंकशाला, ज्याचं मराठीत टांकसाळ झालं. टंक म्हणजे छिन्नी, आणि छिन्नीने उठवलेली मुद्रा. टाकीचे घाव, बांगलादेशचा टका आणि परीक्षेतले टक्के त्याच कुळातले. तमिळ शब्दाच्या सुरुवातीला ‘ट’ येऊ देत नाहीत, म्हणून टंकचा तंक झाला, शब्दात तो तंग असा उच्चारला गेला, आणि तंगम हा ओळखीचा शब्द समोर उभाच होता. लोकांनी दोजेला ताडावर चढवला त्याच सहजतेने टंकाचं सोनं केलं.

टिकल्यांचे कारागीर आता वेगळे आहेत. जुनी धातूची टिकली ठोकून बनवत. सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार सळईवर गुंडाळायची, गुंडाळी कापून कड्या मोकळ्या करायच्या आणि एकेक कडी ऐरणीवर ठेवून हातोडीचा घाव घालायचा. कडी चपटी होते, मधलं भोक बारीक राहतं. जुन्या शालूवरची किंवा टोपीवरची टिकली भिंगाखाली धरलीत तर भोकापासून कडेपर्यंत एक केसाएवढी फट दिसते. तारेची दोन टोकं जिथे भेटली ती जागा. आजच्या टिकलीला ती नसते, कारण ती पत्र्यातून छाटलेली असते. मधल्या काळात, १९३०च्या आसपास, जिलेटिनच्या टिकल्या निघाल्या होत्या. वजनाला हलक्या, पण पाण्याने आणि उष्णतेने विरघळणाऱ्या. नर्तकीला घाम आला की पोशाख ओघळू लागे. चेन्नईच्या मे महिन्यात त्या अर्धा तासही टिकल्या नसत्या. १९५०च्या दशकात पॉलिएस्टरची पातळ, टिकाऊ फिल्म आली आणि टिकली धुता येऊ लागली. तिच्यावर ॲल्युमिनियमचा अतिसूक्ष्म थर असतो. धातू म्हणाल तर तेवढाच.

चेन्नईत सध्या आरीकामाला चांगले दिवस आहेत. लग्नातल्या रेशमी साडीपेक्षा तिच्या ब्लाउजची चर्चा जास्त होते, आणि गल्लोगल्ली आरी शिकवण्याचे वर्ग आहेत. चौकटीवर ताणलेलं कापड, डावा हात खालून दोरा पुरवतोय, उजव्या हातात टोकाला आकडा असलेली आरी. ती वरून खुपसायची, खालचा दोरा आकड्यात पकडून वर ओढायचा, टाक्याटाक्याला एक टिकली गुंतवायची. हातात बसलेली बाई हे इतक्या भराभर करते की टिकल्यांची ओळ आपोआप उगवतेय असं वाटतं. शिकणाऱ्या पोरीला विचारलं तर ती आरी म्हणजे ‘एम्ब्रॉयडरीचा प्रकार’ सांगते. मराठी माणसाला आरी माहीत आहे ती चांभाराची, चामड्याला भोक पाडायची. ती समजूत बरोबर आहे. कच्छमधल्या मोच्यांनी चामड्यावरचं हे काम कापडावर आणलं. आणि संस्कृत आरा तर ऋग्वेदात पूषन देवाच्या हातात आहे. वहाणा शिवणाऱ्याचं हत्यार वधूच्या पाठीवर मोर काढतं, याची आपल्या जातिवंत समाजाला अजून दखल घ्यावीशी वाटलेली नाही.

स्वस्त माल मात्र हातचा नसतो, सुरतेच्या यंत्रांवरचा असतो. तिथे टिकल्या सुट्या नसतातच. एकमेकींना जोडलेल्या लांबलचक पट्टीच्या रूपात रिळावर गुंडाळून येतात. यंत्र एक टिकली पुढे सरकवतं, कापतं, टाका घालतं, पुढची सरकवतं. आणि या मालाला सौकारपेठेपासून दादरपर्यंत, पाट्यांवर, बिलांवर, बायकांच्या बोलण्यात एकच नाव आहे: सिक्वेन्स. ‘सिक्वेन्सची साडी’, ‘सिक्वेन्स वर्क’. इंग्रजी सीक्विनचं अनेकवचन सीक्विन्स. ते भारतीय कानाला ओळखीच्या ‘सिक्वेन्स’सारखं, म्हणजे क्रमासारखं, ऐकू आलं. शुद्धलेखनवाले यावर हसतात. मी हसत नाही. ज्या रस्त्यावर टंकाचं तंगम झालं त्या रस्त्यावर सीक्विनचा सिक्वेन्स व्हायलाच हवा होता. शिवाय रिळावरून एकामागून एक सुटणाऱ्या टिकल्या पाहिल्या तर क्रम हा अर्थ अगदीच गैरलागू नाही.

मराठी कोशाच्या पुढच्या आवृत्तीत हा शब्द यायला हवा, आणि ‘अशुद्ध’ असा शेरा न मारता यायला हवा. नोंद अशी करता येईल: सिक्वेन्स, पुल्लिंगी, टिकल्यांचे भरतकाम किंवा तसे काम केलेले कापड. इंग्रजी सीक्विन्स, त्याआधी फ्रेंच, त्याआधी व्हेनिसचा झेक्कीनो, त्याआधी अरबी सिक्का. रूपावर इंग्रजी ‘सिक्वेन्स’चा प्रभाव. टिकली, चमकी, शिक्का, पुतळी पाहा.